अशोकाचे पाषंड आणि आपले पाखंड

गुजरातेत जुनागढ शहरातून गिरनारकडे निघाले की वाटेत एक प्रचंड खडक लागतो. त्याच्या अंगावर तीन राजवटी कोरलेल्या आहेत. सर्वांत जुने लेख मौर्य सम्राट अशोकाचे, त्यानंतरचा शक क्षत्रप रुद्रदामनाचा इ.स. १५० च्या सुमाराचा आणि शेवटचा गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचा. अशोकाच्या चौदा आज्ञा या खडकावर आहेत. त्यांतल्या बाराव्या आज्ञेपाशी आजचा मराठी वाचक हमखास अडखळतो. ब्राह्मी अक्षरे कुणी वाचून दाखवली, प्राकृताचा अर्थ उलगडून सांगितला, तरीही अडखळतो. कारण राजा तिथे जाहीर करतो की आपण सर्व पाषंडांचा सन्मान करतो. ते घर सोडलेले असोत वा गृहस्थ असोत, त्यांना दाने देतो आणि नाना प्रकारे त्यांची पूजा करतो.

पाषंड म्हणजे आपला पाखंड. मराठीत पाखंडी म्हणजे धर्म बुडवणारा, ढोंगी, देवाच्या नावावर लोकांना फसवणारा. अशा माणसाची राजाने पूजा का करावी?

जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली आणि दोन हजार वर्षे मुके असलेले हे दगड वाचता येऊ लागले. तेव्हाही हा प्रश्न उभा राहिला. संस्कृत कोशांत आणि स्मृतींत पाषंडाचा जो अर्थ पंडितांना परिचित होता, तो इथे लावला की वाक्य अशक्य होत होते. अक्षरे लागली, पण शब्द लागत नव्हता. तो लागण्यासाठी अशोकाने हा शब्द कुठे, कसा आणि कुणासाठी वापरला, हे त्याच्याच लेखांतून गोळा करावे लागले.

अशोकाच्या लेखांत हा शब्द वारंवार येतो. सातव्या शिलालेखात तो म्हणतो की सर्व पाषंडांनी माझ्या राज्यात सर्वत्र राहावे, कारण त्या सर्वांना संयम आणि मनाची शुद्धी हवी असते. पाचव्या लेखात तो धम्म-महामात्र नावाचे अधिकारी नेमल्याचे सांगतो. राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर त्याने हे पद नव्याने निर्माण केले आणि सर्व पाषंडांमध्ये जाऊन काम करणे हे त्यांचे कर्तव्य ठरवले. पुढे सत्ताविसाव्या वर्षी कोरलेल्या सातव्या स्तंभलेखात याची फोड आहे. काही महामात्र बौद्ध संघाकडे पाहतील, काही ब्राह्मण आणि आजीविक या तपस्वी पंथाकडे, काही निर्ग्रंथांकडे म्हणजे जैनांकडे आणि उरलेले इतर नाना पाषंडांकडे. म्हणजे अशोकाच्या यादीत बौद्ध हाही पाषंड, ब्राह्मणही पाषंड, जैनही पाषंड. एका विचाराने, एका आचाराने बांधलेला धार्मिक समुदाय, एवढाच या शब्दाचा अर्थ. त्यात ना स्तुती ना निंदा.

तेराव्या लेखात तर त्याने याहून मोठे विधान केले आहे. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख देशोधडीला लागली, याची खंत व्यक्त करताना तो म्हणतो की यवनांचा म्हणजे ग्रीकांचा देश सोडला तर ब्राह्मण आणि श्रमण नाहीत असा प्रदेश नाही. आणि ज्या देशातल्या माणसांची कोणत्या ना कोणत्या पाषंडावर श्रद्धा नाही, असा देश तर कुठेच नाही. युद्धात अशीच श्रद्धाळू माणसे मेली, हे त्याच्या दुःखाचे एक कारण होते.

बाराव्या आज्ञेत तो या समुदायांनी एकमेकांशी कसे वागावे ते सांगतो. दान आणि पूजा यांपेक्षा त्याला प्रत्येक पाषंडाच्या साराची वाढ महत्त्वाची वाटते. त्या वाढीचे मूळ तो वाणीच्या संयमात पाहतो. आत्मपाषंडाची स्तुती आणि परपाषंडाची निंदा विनाकारण करू नये. कारण असलेच तरी ती सौम्य असावी. आपल्या पंथाच्या भक्तीपोटी जो दुसऱ्याच्या पंथाला नावे ठेवतो, तो आपल्याच पंथाची हानी करतो. म्हणून समवाय चांगला, म्हणजे एकत्र येणे चांगले. इतरांचा धर्म ऐकावा, ऐकण्याची इच्छा ठेवावी. आत्मपाषंड आणि परपाषंड या जोडशब्दांत एक गोष्ट स्पष्ट दिसते. एकच शब्द ‘आपल्या’साठी आहे आणि ‘त्यांच्या’साठीही. वेगळेपण दाखवायला त्याच्यामागे फक्त ‘आत्म’ आणि ‘पर’ लागते.

वायव्य सरहद्दीवरच्या शाहबाजगढी इथे हीच बारावी आज्ञा इतर आज्ञांपासून वेगळी काढून एका स्वतंत्र खडकावर कोरलेली आहे. तिथली लिपी खरोष्ठी आणि बोली गांधारी. आणखी पश्चिमेला, आजच्या अफगाणिस्तानात, जुन्या कंदाहारमध्ये १९६३ साली एक चुनखडीचा दगड मिळाला. त्यावर बाराव्या आज्ञेचा शेवट आणि तेराव्या आज्ञेची सुरुवात चक्क ग्रीक भाषेत आहे. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर तिथे वसलेल्या ग्रीकांसाठी सम्राटाच्या लेखनिकांनी केलेला हा अनुवाद. पाषंडाला ग्रीक प्रतिशब्द कोणता द्यावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी ‘दिआत्रिबे’ हा शब्द निवडला. ग्रीसमध्ये एखाद्या तत्त्वज्ञाभोवती जमणाऱ्या शिष्यांच्या मंडळाला, त्याच्या विचारांच्या शाळेला दिआत्रिबे म्हणत. इ.स.पू. तिसऱ्या शतकात पाषंडाचा अर्थ काय होता, याचा याहून चोख पुरावा मिळणे कठीण, कारण तो अर्थ त्याच काळात, त्याच राजाच्या दरबाराने लावलेला आहे. पुढे युरोपीय भाषांमध्ये दिआत्रिबेपासूनच डायट्राइब हा शब्द आला आणि त्याचा अर्थ जहरी टीका असा झाला. दोन्ही शब्द वेगवेगळ्या वाटांनी कडवट झाले.

या शब्दाची व्युत्पत्ती काय, यावर विद्वानांत एकमत नाही. एक मत असे की तो पर्षद या शब्दाशी जोडलेला आहे. पर्षद म्हणजे परिषद, सभा. पार्षद म्हणजे तिचा सभासद. या मताला शाहबाजगढीचा आधार मिळतो. तिथे पाषंडाऐवजी ‘प्रषंड’ असे रूप आहे. गांधारी बोलीत शब्दातला रकार पुढे सरकतो: धर्मचे ‘ध्रम’ होते, प्रियदर्शीचे ‘प्रियद्रशी’ होते. त्याच न्यायाने ‘प्रषंड’च्या मागे ‘पर्ष’ने सुरू होणारे मूळ रूप असू शकते. तसे असेल तर पाषंड म्हणजे मुळात एका सभेचे, एका बैठकीचे लोक.

महाराष्ट्रात अशोकाच्या आज्ञांचे अवशेष मिळाले ते नालासोपाऱ्यात. प्राचीन काळी हे शूर्पारक नावाचे भरभराटीचे बंदर होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये तिथे आठव्या आज्ञेचा तुकडा सापडला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या आज्ञेचा. यावरून गिरनारसारख्या चौदा आज्ञा सोपाऱ्यातही कोरलेल्या असाव्यात असे मानले जाते. सातवी आणि बारावी आज्ञा असलेले सोपाऱ्याचे दगड मिळालेले नाहीत. पण त्या आज्ञांत वर्णन केलेला व्यवहार याच किनाऱ्यावर पुढच्या शतकांत चालू असल्याचा लेखी पुरावा नाशिकला आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. या माणसाने तीन लाख गायी दान दिल्या, देव आणि ब्राह्मणांना सोळा गावे दिली, दरवर्षी एक लाख ब्राह्मणांना जेवण घातले, प्रभास तीर्थी ब्राह्मणांची लग्ने लावून दिली. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या. दमण, तापी, डहाणूका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. आणि त्याच लेखात, त्याच दमात, त्रिरश्मी डोंगरावर बौद्ध भिक्षूंसाठी हे लेणे कोरवले, असे तो सांगतो. याच लेखात आणखी एक नोंद आहे. गोवर्धन, शूर्पारकातले रामतीर्थ आणि इतर ठिकाणच्या ‘चरकपर्षदां’ना त्याने नाणंगोल गावातली नारळीची ३२,००० झाडे दिली. चरक म्हणजे फिरते तापस. त्यांच्या समुदायाला इथे पर्षद म्हटले आहे. पाषंड हा शब्द ज्या मुळापासून आला असावा, तेच मूळ इथे नाशिकच्या भिंतीवर आपल्या साध्या अर्थाने उभे आहे.

ओडिशात भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीवर राजा खारवेलाचा हाथीगुंफा लेख आहे. तो बहुधा इ.स.पू. पहिल्या शतकातला. खारवेल जैन होता आणि लेखाची सुरुवात अर्हंतांच्या वंदनाने होते. पण लेखाच्या शेवटी त्याची जी बिरुदे आहेत, त्यांत तो सर्व पाषंडांची पूजा करणारा आणि सर्व देवालयांची दुरुस्ती करणारा असल्याचे अभिमानाने कोरले आहे. अशोकाच्या फौजांनी ज्या कलिंगची राखरांगोळी केली, त्याच कलिंगच्या एका राजाला पुढे पाषंडपूजक म्हणवून घेण्यात भूषण वाटले.

मग हा शब्द बिघडला कुठे? ज्या जागी अशोकाला भीती होती, नेमक्या त्याच जागी. परपाषंडाची निंदा करू नका, असे त्याला दगडावर कोरावे लागले याचा अर्थ अशी निंदा चालू होती. राजा सर्व पंथांच्या वर बसून बोलत होता, म्हणून त्याच्या तोंडी सगळेच पाषंड सारखे होते. प्रत्यक्ष पंथांच्या आत मात्र ‘आम्ही’ आणि ‘पाषंड’ असे दोन भाग पडू लागले होते.

पाली संयुत्तनिकायात भिक्षुणींच्या कथांमध्ये शीर्षोपचाला या भिक्षुणीची कथा आहे. ती सारिपुत्ताची बहीण. साधकांना भुलवणारा मार तिच्यापाशी येऊन विचारतो की तुला कुणाचा पाषंड आवडतो? ती म्हणते, कुणाचाच नाही. मग डोके कशासाठी मुंडवलेस, असे तो तिला डिवचतो. त्यावर ती सांगते की पाषंड हे बाहेरचे, आपापल्या मतांना चिकटून बसलेले. मला बुद्धाचा धर्म पटला आहे. म्हणजे इथे बुद्धाचा मार्ग पाषंडांच्या यादीतून बाहेर काढला गेला. पाली अट्ठकथांमध्ये म्हणजे टीकाग्रंथांमध्ये या शब्दाची फोडही दिलेली आहे: जे लोकांच्या मनावर मतांचा पाश टाकतात ते पाषंड. बौद्ध परंपरेत परक्या पाषंडांची संख्या ९६ मानली गेली.

जैन परंपरेतही हेच घडले. जैन आगमांत पाषंडधर्म हा ग्रामधर्म, नगरधर्म, राष्ट्रधर्म, कुलधर्म यांच्या रांगेत सरळ अर्थाने येतो. पण भिन्न मतांची मोजदाद करताना त्यांनी ३६३ पाषंड मोजले: १८० क्रियावादी, ८४ अक्रियावादी, ६७ अज्ञानवादी आणि ३२ विनयवादी. श्रावकाच्या सम्यक्त्वाला लागणाऱ्या दोषांत परपाषंडाची प्रशंसा आणि परपाषंडाशी सलगी हे दोन दोष गणले गेले. अशोक परपाषंडाची निंदा नको म्हणत होता. इथे त्याची स्तुतीही दोष ठरली.

ब्राह्मणी ग्रंथांत हा शब्द आणखी वेगाने घसरला. कौटिलीय अर्थशास्त्रात त्याचे दोन चेहरे दिसतात. नगररचनेच्या प्रकरणात पाषंड आणि चांडाळ यांची वस्ती स्मशानाच्या कडेला ठेवावी असे आहे. तिजोरी रिकामी झाली तर पाषंड-संघांचे द्रव्य राजाने युक्तीने काढून घ्यावे, अशीही वाट सांगितलेली आहे. देवकार्यात किंवा पितृकार्यात शाक्य, आजीवक अशा लोकांना जेवू घातले तर १०० पण (नाणी) दंड. पण याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी एक शहाणा नियम आहे. आश्रमवासी किंवा पाषंड यांनी मोकळ्या जागेत एकमेकांना बाध न आणता राहावे, लहानसहान त्रास सोसावेत आणि नवा आला तर आधीच्याने आळीपाळीने त्याला जागा द्यावी. धर्मशाळेच्या प्रमुखाने पाषंडी प्रवाशांची वर्दी देऊन त्यांना उतरू द्यावे, असाही नियम आहे. तिरस्कार आणि शेजार, दोन्ही एकाच ग्रंथात.

मनुस्मृतीत शेजार उरला नाही. चौथ्या अध्यायात पाषंडी, मांजरासारखे व्रत करणारे, बगळ्यासारखे ध्यान लावणारे, शठ आणि तर्कवादी यांना एका ओळीत बसवून यांचा शब्दानेही सत्कार करू नये, असे बजावले आहे. नवव्या अध्यायात जुगारी, नट, क्रूर लोक यांच्याबरोबर पाषंडातल्या माणसांनाही नगरातून तातडीने हाकलावे अशी राजाला आज्ञा आहे. ढोंग आणि पाषंड यांची सांगड इथे पडली. मांजर आणि बगळा या दोन ढोंग्यांच्या शेजारी बसलेला पाषंडी पुढे स्वतःच ढोंगी म्हणून ओळखला जाणार होता.

पुराणांनी या शब्दाला गोष्टी दिल्या. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात राजा शतधनू आणि त्याची राणी शैव्या यांची कथा आहे. कार्तिकातल्या उपासाच्या दिवशी दोघे गंगेत स्नान करून वर आले. समोर एक पाषंडी दिसला. तो राजाच्या धनुर्विद्येच्या गुरूचा मित्र. गुरूच्या मानाखातर राजा त्याच्याशी दोन शब्द बोलला. राणी मात्र बोलली नाही. तिने सूर्याकडे पाहिले. एवढ्या संभाषणासाठी राजाला कुत्रा, कोल्हा, लांडगा, गिधाड, कावळा आणि मोर असे जन्म घ्यावे लागले. प्रत्येक जन्मी शैव्या त्याला ओळखून पूर्वजन्माची आठवण देत राहिली, तेव्हा कुठे जनकाच्या अश्वमेधाच्या स्नानाने त्याची सुटका झाली. कथा सुंदर आहे आणि तिच्यातले शासन भयंकर आहे. मतभेद असलेल्या ओळखीच्या माणसाची विचारपूस करणे, एवढाच राजाचा अपराध. अशोक ज्याला समवाय म्हणत होता, तोच इथे पाप झाला.

भागवत पुराणाच्या चौथ्या स्कंधात दुसरी कथा येते. राजा पृथूचा अश्वमेधाचा घोडा इंद्र खोट्या साधूचे वेष घेऊन चोरतो. पृथूचा मुलगा पाठलाग करतो तसा इंद्र एकेक वेष टाकून देतो. टाकलेले ते वेष लोकांनी उचलले आणि त्यांतून पाखंड निघाले, असे कथा सांगते. शब्दाची फोडही तिथेच आहे: पापाचे खंड म्हणजे पाखंड. अमरकोशाच्या टीकाकारांनी दिलेली फोड वेगळी आहे: ‘पा’ म्हणजे पालन करणारा वेदधर्म आणि त्याचे खंडन करतात ते पाखंड. दोन्ही व्युत्पत्ती शब्द वाईट ठरल्यानंतरच्या आहेत. त्या सुचल्या त्या उच्चारामुळे. उत्तरेत ‘ष’चा ‘ख’ होण्याची जुनी रीत आहे. भाषेची भाखा होते. शुक्ल यजुर्वेदी आजही ‘सहस्रशीर्षा’ हे ‘सहस्रशीर्खा’ असे म्हणतात. पाषंडाचा पाखंड झाला आणि त्यात ‘खंड’ ऐकू येऊ लागला. ज्या शब्दात कधीकाळी सभा होती, त्यात आता तोडफोड सापडली.

अशोकाच्या वाट्यालाही असेच काहीसे आले. ‘देवानांप्रिय’ ही त्याची पदवी. पतंजलीच्या काळापर्यंत ती आदराची होती. सतराव्या शतकातल्या सिद्धांतकौमुदीत भट्टोजी दीक्षितांनी तिचा अर्थ मूर्ख असा नोंदवला आहे. बिहारमध्ये बराबरच्या टेकडीवर अशोकाने आजीविकांना गुहा दान दिल्या. त्यांच्या दारांवरच्या लेखांत पुढे कुणीतरी आजीविक हा शब्द छिन्नीने घासून टाकण्याचा प्रयत्न केला. दान राहिले, ज्याला दिले त्याचे नाव नकोसे झाले.

कायद्याच्या ग्रंथांत मात्र जुना अर्थ जिवंत राहिला. याचे कारण व्यवहार होता. पंथ तिरस्करणीय म्हटला तरी त्याच्या मठात करार होत होते, वाद होत होते, पैशांची देवघेव होत होती. याज्ञवल्क्य स्मृतीत श्रेणी (कारागिरांचे संघ), नैगम, पाखंडी आणि गण यांना एकाच नियमाखाली आणले आहे: राजाने त्यांचे वेगळेपण राखावे आणि पूर्वापार चालत आलेली त्यांची वहिवाट सांभाळावी. नारदस्मृतीतही पाषंड, नैगम वगैरेंची जी आपापली बंधने असतात त्यांना समय म्हटले आहे आणि ती मोडू न देणे हे राजाचे काम ठरवले आहे. मनूने ज्यांना वेशीबाहेर घालवले, त्यांचे नियम याज्ञवल्क्याने राजाच्या संरक्षणाखाली घेतले.

बाराव्या शतकाच्या सुमारास, चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या कल्याणी नगरात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. मराठी मुलुखात वारसाहक्काच्या बाबतीत शतकानुशतके ही टीका प्रमाण मानली गेली. विज्ञानेश्वर पाखंडी शब्दाचा अर्थ स्पष्ट देतो: जे वेदाचे प्रामाण्य मानत नाहीत ते, नग्न आणि सौगत म्हणजे जैन आणि बौद्ध वगैरे. म्हणजे शब्दाला चिकटलेला वेदबाह्यतेचा अर्थ त्याला मान्य आहे. तरीही नियमाला तो हात लावत नाही. वेद न मानणाऱ्यांची वहिवाटही राजाने सांभाळायची आहे.

मराठीत हा शब्द आला तो वाईट अर्थ घेऊनच. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी गुरुकृपेला केलेल्या प्रार्थनेत पाखंडाच्या दऱ्याकपारी मोडून टाकण्याची आणि कुतर्काची हिंस्र जनावरे हटवण्याची मागणी आहे. पाखंड इथे एखादा पंथ नाही, वाटेतला अडथळा आहे.

सतराव्या शतकात देहूला तुकोबांच्या आयुष्यात या शब्दाने वेगळेच वळण घेतले. शूद्र असून वेदांचा अर्थ सांगतो, हा त्यांच्यावरचा आरोप. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तो लावून धरला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, अशी परंपरा सांगते. स्मृतींच्या मापाने अधिकार नसता धर्म सांगणारा माणूसच पाखंडी. पण तुकोबांच्या अभंगांत पाखंडी म्हणून जे येतात, ते पाठीमागे लागून छळणारे, वितंडवाद घालणारे लोक आहेत. वेदाचे प्रामाण्य मानले की नाही, हा प्रश्नच तिथे राहत नाही. तोंडाने एक आणि पोटात दुसरे असलेला तो पाखंडी. ज्या शब्दाने संतांना दूर ठेवता आले असते, तो त्यांनी आचरणाच्या कसोटीला लावला. कबीर आणि नानक यांच्या परंपरेतही पाखंड म्हणजे दंभ असाच अर्थ रूढ झाला. आपण मराठीत आज पाखंडी म्हणतो तेव्हा मनूपेक्षा या संतांचा अर्थ आपल्या मनात अधिक असतो.

एकोणिसाव्या शतकात हा शब्द निशाणावर चढला. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात स्वामी दयानंद सरस्वतींनी पाखंड-खंडिनी पताका उभारली. त्यांच्या दृष्टीने मूर्तिपूजा, पुराणे आणि तीर्थांचे माहात्म्य हे पाखंड होते. ज्या पुराणांनी पाखंडाच्या गोष्टी रचल्या, तीच पुराणे आता पाखंडाच्या यादीत गेली. एप्रिल १८७५ मध्ये दयानंदांनी मुंबईत आर्य समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी महादेव गोविंद रानडे यांच्या निमंत्रणावरून ते पुण्याला आले. तिथे त्यांनी वेद, धर्म आणि इतिहास यांवर व्याख्याने दिली. सप्टेंबरमध्ये त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा रानड्यांबरोबर जोतीराव फुलेही पाठीशी उभे राहिले. सनातनी मंडळींनी उत्तरादाखल गाढवाची मिरवणूक काढली आणि रस्त्यावर दंगल झाली. पाखंडाचा नाश करायला आलेला संन्यासी पुण्याच्या सनातन्यांच्या लेखी स्वतःच पाखंडी ठरला. वेदाचे प्रामाण्य दयानंदांना मान्य होते आणि सनातन्यांनाही. विज्ञानेश्वराची व्याख्या लावली असती तर या दोघांपैकी पाखंडी कुणीच ठरला नसता.

शब्द असा हातोहाती फिरला, पण त्याने एकेकाळी ज्या गोष्टीला नाव दिले होते ती गोष्ट नाहीशी झाली नाही. स्वतंत्र भारताच्या संविधानात २६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक धार्मिक संप्रदायाला आपल्या धर्माच्या बाबतींतील कारभार स्वतः पाहण्याचा हक्क दिला. हा संप्रदाय म्हणजे नेमके कोण, हे ठरवण्याची वेळ १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर आली. शिरूर मठाच्या खटल्यात न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी ऑक्सफर्ड शब्दकोशाचा आधार घेतला: समान श्रद्धा, समान संघटना आणि स्वतःचे वेगळे नाव असलेला समुदाय.  उडुपीचा हा माध्व मठ या व्याख्येत बसला.

त्याच वर्षी मुंबई राज्याच्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याविरुद्धचा खटला त्याच न्यायालयापुढे निकाली निघाला. दाद मागणाऱ्यांत एका जैन मंदिराचे व्यवस्थापक होते आणि पारशी पंचायतीचे विश्वस्तही होते. धर्मादाय आयुक्ताला धार्मिक विश्वस्तव्यवस्थेवर विश्वस्त म्हणून बसवण्याची तरतूद न्यायालयाने रद्द केली आणि धर्माचा कारभार त्या त्या समुदायाकडे राहिला. याज्ञवल्क्याने श्रेणी आणि नैगमांच्या शेजारी पाखंडी बसवून राजाला जे सांभाळायला सांगितले होते, त्याच हक्काचा हा निकाल होता. मिताक्षरेच्या भाषेत बोलायचे तर दाद मागणारे जैन व्यवस्थापक नग्न-सौगतांच्या रांगेतले, म्हणजे पाखंडी. निकालपत्रात त्यांच्यासाठी वापरलेला शब्द होता संप्रदाय.